सामायिक पार्टिशन

मसुदा पहिला

मॅडम,
डिस्क लावून तीन आठवडे होत आले. एवढ्यात चार वेळा फाइल नाहीशा झाल्या. डिस्क मी दोनदा तपासली, ती ठणठणीत आहे. म्हणजे फाइल कुणीतरी (खोडलं). म्हणजे फाइल आपोआप गेलेल्या नाहीत. सर्व्हरच्या खोलीच्या किल्ल्या दोन. एक तुमच्याकडे. दुसरी माझ्या मामाकडे (खोडलं). दुसरी टेस्टिंगच्या माणसाकडे.

इथवर लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

टेस्टिंगचा माणूस म्हणजे माझा सख्खा मामा. आईचा धाकटा भाऊ. काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या लॅबमध्ये बावीस वर्षं तो एकच काम करतो: क्यूब फोडतो. बांधकामावर काँक्रीट ओततात तेव्हाच त्यातलं थोडं साच्यात भरून पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे करतात, तेच क्यूब. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग प्रेसखाली घालून दाबायचे. फुटेपर्यंत किती भार घेतला, तो आकडा. क्यूब एकदाच फुटतो. आकडा हरवला तर तो परत मिळवायला दुसरा क्यूब नसतो.

मॅडम म्हणजे लॅबच्या मालक. त्या रिपोर्टवर सही करतात. मामा त्यांच्या पाठीमागे त्यांना सहीबाई म्हणतो. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "मंगळवारी सकाळी दहा वाजता मला नाव हवं. नाव मिळालं की मी परवाना मंडळाला कळवणार. मग तो माणूस या धंद्यात कुठल्याच प्रेसला हात लावणार नाही."

माझा संशय कुणावर आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोघींनी प्रेसकडे पाहिलं.

*

आता डिस्क. कारण सुरुवात तिथून झाली, आणि सुरुवात मी केली: लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळते.

प्रेसचा प्रोग्रॅम बारा वर्षांपूर्वीचा. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, आणि तो जुन्या सिस्टीमवरच चालतो. रिपोर्टचा प्रोग्रॅम नवा, परवाना देणाऱ्या मंडळानं सक्तीचा केलेला. त्याला नवी सिस्टीम लागते. खोलीत सर्व्हर एकच आणि दुसरा ठेवायला जागा नाही. म्हणून डिस्कची तीन पार्टिशन केली. पहिल्यात जुनी सिस्टीम, दुसऱ्यात नवी. दोघींची फाइल ठेवण्याची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टीम, वेगळी. जुनीला स्वतःची पद्धत सोडून दुसरी कळत नाही. नवीला दोन्ही कळतात. म्हणून तिसरं, सामायिक पार्टिशन जुनीच्या पद्धतीनं आखलं. जिला समजतं तिनंच जमवून घ्यायचं, हा नियम घरात चालतो तसा डिस्कवरही चालतो.

एका वेळी एकच जागी. सकाळी जुनी: मामा क्यूब फोडतो, आकड्यांच्या फाइल सामायिक पार्टिशनमध्ये 'आजचे' या फोल्डरात पडतात. एक वाजता मशीन बदलतं. दुपारी नवी: मॅडम त्या फाइल वाचतात, सही करतात आणि उचलून 'सही झालेले'मध्ये ठेवतात. शनिवारी दुपारी आठवड्याचे सगळे कागद छापायचे, त्याच वेळी बॅकअप. मधल्या दिवसांत आकडे फक्त डिस्कवर.

पहिल्या दिवशी मामा दारात उभा राहून बघत होता. केस, भुवया, बूट, सगळ्यावर सिमेंटची राखाडी पूड.

"वाटण्या करायला आलीस होय ठमे? जपून. वाटण्या झाल्या की बोलणं बंद होतं."

"यांचं आधीपासूनच बंद आहे मामा. मी मधे एक खोली ठेवतेय, दोघींनी वापरायला."

"मग भांडण त्या खोलीवरून."

मी हसले. त्यानं मनगटावरचं घड्याळ वर केलं. त्याला सगळ्याची वेळ घ्यायची खोड आहे, लिफ्टचीसुद्धा घेतो. "दोन मिनिटं चार सेकंद. उठायला! तेवढ्यात माझा एक क्यूब फुटतो अगं."

"बघते काहीतरी."

बघितलं. जुनीच्या सेटिंगमध्ये एक खूण केली की ती लवकर उठते. केली. मामासाठी. मग नवी सुरू केली, तर ती सामायिक पार्टिशन उघडायला कुरकुरली. लाल अक्षरांत काहीतरी इशारा दिला. नवीला ऊठसूट इशारे द्यायची सवयच आहे. 'तरीही उघड' असा एक हुकूम तिच्या फाइलीत लिहिला आणि तिला गप्प केलं.

निघताना म्हणाले, "आणि मामा, एक वाजता नुसतं रीस्टार्ट मारून जेवायला पळत जाऊ नकोस. मशीन नीट बंद करायचं."

"रीस्टार्ट केलं की सहीबाईंना नवी तयार मिळते की."

"नीट बंद कर म्हटलं ना."

"बरं बाई. तू येणार असशील त्या दिवशी तरी करीन."

*

मसुदा दुसरा

मॅडम,
चारही वेळा एकच प्रकार. संध्याकाळी तुम्ही नवी सिस्टीम बंद करता तेव्हा फाइल जागेवर असतात. सकाळी जुनी सुरू होते तेव्हा नसतात. मधल्या वेळात खोलीला कुलूप. सकाळी कुलूप उघडणारा माणूस एकच. गेलेल्या फाइलींत पादचारी पुलाच्या पाच आहेत. पाचही नापास. पुलाचा कंत्राटदार टेस्टिंगच्या माणसाचा शाळेपासूनचा दोस्त आहे. याहून जास्त मी काय (खोडलं).

पाच. हा आकडा मला तोंडपाठ होता. एकूण फाइल सव्वीस गेल्या होत्या. मॅडमना त्या पाच आठवत होत्या, कारण सही करताना त्यांनी स्वतः वाचल्या होत्या. ताकद पंचवीस हवी तिथे सतरा, साडेसतरा. उरलेल्या एकवीस पास होत्या, वेगवेगळ्या लोकांच्या. कुणाच्या गच्चीच्या, कुणाच्या गोदामाच्या. त्या एकवीस मी मोजल्या नाहीत. मनात पाल चुकचुकली की माणसाला तिचाच आवाज ऐकू येतो.

मी पाळत ठेवायला लागले. पहिली फाइल गेली त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी ठरल्याप्रमाणे देखभालीला आले होते. त्यानंतर गुरुवारी आले. मग पुढच्या मंगळवारी. मग शुक्रवारी. प्रत्येक वेळी आधी मामाला फोन: "उद्या दुपारी येतेय." तो म्हणायचा, "ये ये. मशीन नीट ठेवतो." मी यायची, दुपारभर नवीत बसून सगळं उलथंपालथं करून बघायची, काही सापडायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन: "गेल्या."

मी गेल्यानंतरच कसं काय? मला याचं एकच उत्तर सुचलं. तो मला दाखवतोय. तू कितीही बस, मला हवं ते मी करणारच.

माझा मामा! ज्याला फोनवरचा फोटो पुढे पाठवता येत नाही.

की येत नाही असं दाखवतो?

लहानपणी तो माझ्याशी पत्ते खेळायचा आणि दर वेळी हरायचा. तोंड असं पाडायचा की मला त्याची दया यायची. पुढे आईनं सांगितलं, अगं, तो मुद्दाम हरायचा. ही आठवण मी वीस वर्षं प्रेमानं जपली होती. त्या आठवड्यात ती काढून उजेडात धरली. म्हणजे चेहऱ्यावर काहीही आणता येतं याला.

निरीक्षणं, आली तशी:

गुरुवार. मी प्रेसच्या खोलीत शिरले तर मामा काहीतरी लिहीत होता. मला बघून त्यानं लांबट, कापडी पाठीची वही मिटली, प्रेसखालच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप घातलं. त्या खणात आजवर फक्त चिंध्या आणि तेलाचा डबा असायचा. त्याला कुलूप होतं हेच मला माहीत नव्हतं.

मंगळवार. लॅबच्या फाटकाशी पूलवाल्याची पांढरी गाडी. मामा पुढच्या सीटवर. दोघं बोलत नव्हते. मला बघून मामानं हात केला. जरा जास्तच उंच केला.

शुक्रवार. दोन्ही सिस्टीमवर मी गुपचूप एक पहारेकरी बसवला. कुणीही काहीही पुसलं की वेळेसकट नोंद. शनिवारी सकाळी मेलवर आलेली ती नोंद अशी:

शुक्र १७:४० नवी बंद. फाइल ७.
शनि ०७:५२ जुनी सुरू. फाइल ०.
पुसल्याची नोंद: नाही.

कुणीही काहीही पुसलेलं नव्हतं. शहाण्या माणसानं इथे थांबून मशीनकडे बघितलं असतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, वा मामा, नोंदसुद्धा ठेवत नाहीस.

रविवारी आईचा फोन.

"मामा विचारत होता तुझ्याबद्दल."

"काय?"

"ठमीचं बरं चाललंय ना. कुठल्या अडचणीत नाही ना. कुणी त्रास तर देत नाही ना तिला. मी म्हटलं, सारखा भेटतोस की तिला, तिलाच विचार. तर म्हणे, तसं नको."

"तसं नको म्हणजे?"

"मला काय ठाऊक! तुम्हा दोघांचं काय चाललंय ते तुम्ही बघा. काही बिनसलंय का?"

"काही नाही."

"मग आवाज का असा?"

मला वाटलं, आईकडून मला चाचपतोय. मला किती कळलंय, ते बघतोय. आईला मधे घेतलं म्हणून मला त्याचा मनापासून राग आला, आणि राग आल्यावर पत्र लिहिणं सोपं झालं.

*

मसुदा तिसरा. पाठवला, सोमवारी संध्याकाळी सहा वाजता.

मॅडम,
सर्व तपासणीनंतर माझं मत असं की फाइल जाणूनबुजून काढल्या जात आहेत, आणि ते टेस्टिंगच्या माणसाशिवाय कुणाला शक्य नाही. तारीख-वार खाली दिले आहेत. तो माझा मामा आहे. तरीही हे लिहीत आहे.

'तरीही' हा शब्द लिहिताना मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. ते आता सांगायलाच हवं.

*

मंगळवार. सात चाळीस.

दहाची वेळ होती, पण मला त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. या तीन आठवड्यांत सकाळी मी एकदाही आले नव्हते. आदल्या दिवशी सोमवारी दुपारी मात्र येऊन गेले होते, नेहमीसारखा फोन करून.

बोळातली फरशी ओली होती. क्यूबच्या टाक्यांचं पाणी तिथून कायम पाझरतं. सर्व्हरच्या खोलीला अर्धी काच आहे. मी काचेच्या कडेला उभी राहिले, चोरासारखी.

मामा आला. किल्ली लावली. दिवा लावला. खुर्चीवर फडकं मारलं. सर्व्हरचं बटण दाबलं आणि घड्याळ वर केलं.

बस. एवढंच केलं त्यानं. कीबोर्डवर एकदा बोट टेकवलं, जुनी निवडायला. हात मांडीवर. पडद्याकडे बघत राहिला, आणि मग खूश होऊन स्वतःशीच मान हलवली.

मी आत गेले.

"अगं! दचकवलंस की. इतक्या सकाळी?"

"काय मोजलंस?"

"अकरा." तो लहान मुलासारखा हसला. "अकरा सेकंद. तू सांगितल्यापासून नीट बंद करतो, तर बघ कसं झटकन उठतं. आधी उगाच रीस्टार्ट मारत होतो."

"रोज अकरा?"

"रोज कुठलं. रोज मला घाई असते, रीस्टार्टच मारतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत दोन मिनिटं चार. पण तू येणार असलीस की हमखास नीट बंद. नाहीतर तू ओरडशील."

मी 'सही झालेले' उघडलं. सोमवारच्या पाच फाइल असायला हव्या होत्या. नव्हत्या. मी त्याच्यावरची नजर हटवली नव्हती. त्यानं फक्त बटण दाबलं होतं.

"मामा. अकरा सेकंद कुठल्या कुठल्या दिवशी झाले?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग दाराबाहेर, प्रेसच्या खणाकडे. "लक्षात आहे तसं," तो सावकाश म्हणाला. "मागच्याच्या मागच्या आठवड्यात बुधवार, शुक्रवार. मागच्या आठवड्यात बुधवार, शनिवार. आज."

फाइल गेल्या त्याच सकाळी. एकूण एक.

मी खाली बसले. खुर्ची एकच होती, तिच्यावर मामा; मी जमिनीवरच बसले.

ज्याला अजून लक्षात आलं नसेल त्याच्यासाठी: बंद केलेलं मशीन अकरा सेकंदांत उठत नाही. अकरा सेकंदांत उठतं ते झोपलेलं मशीन. मी मामासाठी जी खूण केली होती, तिचा अर्थच तो. 'बंद कर' म्हटलं की जुनी बंद व्हायची नाही, डोळे मिटून पडायची, आणि डोक्यात सगळं तसंच धरून ठेवायची: कुठल्या फोल्डरात काय आहे, कुठली जागा रिकामी आहे. दुपारी नवी येऊन सामायिक पार्टिशनमध्ये फाइल इकडच्या तिकडे करायची. सकाळी जुनी उठायची, मधे कुणी येऊन गेलं हे तिच्या गावीही नसायचं, आणि ती आपली कालची यादी आजच्या यादीवर लिहून टाकायची. यादी म्हणायची फाइल 'आजचे'मध्ये, डिस्कवर ती तिथून हललेली; दोन्हीकडून तुटली की फाइल गेली. पुसली कुणीच नाही. रीस्टार्ट केलं की मात्र जुनी खरोखर बंद होते. घाईघाईत रीस्टार्ट मारणारा मामा तीन आठवडे सव्वीसांहून कितीतरी जास्त फाइल वाचवत होता. माझं ऐकणारा मामा घालवत होता.

आणि नवीला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. समोरची झोपलीय, मेलेली नाही, हात लावू नकोस, हेच तर ती लाल अक्षरांत सांगत होती. सगळ्या प्रकरणात ज्या एकीला योग्य संशय आला तिच्या तोंडात मी बोळा कोंबला होता.

जास्त फाइल गेल्या म्हणून मी जास्त वेळा आले. मी जास्त वेळा आले म्हणून जास्त फाइल गेल्या.

"ठमे, पाणी देऊ का?"

"मामा, मी मॅडमना पत्र पाठवलंय."

"कसलं?"

बोळात मॅडमच्या टाचांचा आवाज आला. त्याही आज लवकर आल्या होत्या.

*

त्यांनी पत्र छापून आणलं होतं. मामाच्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं आणि वर पेपरवेट म्हणून एक अर्धा फुटका क्यूब ठेवला.

मी सगळं सांगितलं. खूण, झोप, याद्या, 'तरीही उघड'. धाप लागेपर्यंत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"काल संध्याकाळी सहा वाजता तू म्हणतेस, मामा. आज सकाळी म्हणतेस, मशीन. एका रात्रीत मशीन बिघडलं की तुझं मन?"

"मशीन पहिल्या दिवसापासून..."

"तो तुझा मामा आहे. हे तूच लिहिलंयस, अगदी ठसठशीत."

"मी दाखवते तुम्हाला. आत्ता बंद करते, नवी सुरू करते, फाइल हलवते..."

"तूच बांधलंस, तूच बिघडवून दाखवणार आणि तूच म्हणणार बघा बिघडलं. मला त्यातलं काय कळणार आहे? कालपर्यंत तुझ्या शब्दावर माझा विश्वास होता. आज तुझ्याकडे दोन शब्द आहेत, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट." त्या मामाकडे वळल्या. "तुम्हाला काही बोलायचंय? नाहीतर मला मंडळाला फोन करायचाय."

मामा इतका वेळ क्यूबखालच्या कागदाकडे बघत होता. अक्षरं त्याला उलटी दिसत असणार. तो प्रेसच्या खोलीत गेला. खणाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. परत आला तो कापडी पाठीची वही घेऊन.

"आकडे आहेत," तो म्हणाला. "सगळे. गेलेल्या दिवसांचेसुद्धा. पहिल्यांदा गेले ना, त्या दिवशी सुरू केली. त्याच्या आदल्या दिवसाचे तेवढे आठवून लिहिलेत, तिथे तशी खूण केलीय. बाकीचे पडद्यावर बघून, तिथल्या तिथे."

मॅडमनी चष्मा लावला. पान उलटलं. पूल शोधला. सतरा पूर्णांक दोन. सतरा पूर्णांक सहा. सोळा पूर्णांक नऊ. त्यांच्या ओठांची हालचाल थांबली. त्यांना आठवत होते तेच आकडे होते.

"नापास लिहिलेत तुम्ही."

"नापास होते."

"तुमचा दोस्त ना तो?"

"होता. त्याच्या गाडीत बसून त्याला सांगितलं, बाबा, ओतलंस ते फोड आणि परत ओत. सांगून झालं तोवर फाटकाशी आलो होतो. तेव्हापासून फोन उचलत नाही." मामानं नाक पुसलं. "उचलेल. पूल पडण्यापेक्षा दोस्ती पडलेली बरी."

मॅडम रकाने बघत होत्या. मामाचं अक्षर बारीक, सरळ, पट्टीनं ओढलेल्या रेघांच्या मधे. तारीख. क्यूब. भार. ताकद. मशीन उठायला लागलेला वेळ. आणि शेवटी एक अरुंद रकाना, वर एकच अक्षर.

"हे 'भा' काय?"

"भार," मामा घाईनं म्हणाला.

"भार इकडे आहे, तिसऱ्या रकान्यात. इथे नुसत्या खुणा आहेत."

मामानं बोटांना लागलेली पूड पँटला पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिला.

मी वाकून बघितलं. एका मंगळवारी खूण. गुरुवारी खूण. मंगळवारी. शुक्रवारी. काल सोमवारी. प्रत्येक खुणेच्या खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवशीच्या सकाळपुढे, उठायला लागलेला वेळ: अकरा. आणि त्यापुढे लाल शाईत: गेल्या. बाकी सगळ्या ओळींत दोन मिनिटं चार, दोन मिनिटं तीन, दोन मिनिटं चार.

"भाची," मी म्हणाले.

मामानं पँट पुसायची थांबवली.

"मला वाटलं, तू नेतेस," मामा म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता, वहीशी बोलत होता. "तू येऊन गेलीस की गेल्या. दर वेळी. मला त्या मशीनमधलं काही कळत नाही, पण मोजता तर येतं. म्हटलं, कुणीतरी पोरीला अडकवलंय. कुणासाठी तरी काढून देतेय. म्हणून तुझ्या आईला विचारलं."

"आणि मॅडमना नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? आकडे तर वाचले होते माझ्याकडे." मग त्यानं एकदाच वर बघितलं. "आकडे वाचलेत म्हटल्यावर तुझं नाव कशाला घालवायचं?"

मॅडमनी चष्मा काढला. पुन्हा लावला. बोटानं अकराच्या ओळी एक एक करत मोजल्या, मग माझ्याकडे बघून मान हलवली. मला त्या मानेचा अर्थ कळला: आता पटलं. मी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. ज्यानं माझ्यावर संशय घेतला त्याच्या वहीनं पटलं.

"मंडळाला फोन करत नाही," त्या म्हणाल्या. "या वहीवरून सगळ्या फाइल आज पुन्हा भरायच्या. आधी पुलाच्या. तुम्ही भरा, मी समोर बसते." मग मला, "आणि तू ते झोपेचं काय ते आत्ता काढ. महिनाअखेरपर्यंत ये. पुढे मी दुसरं कुणीतरी बघेन."

"हो."

"चुकीसाठी नाही. चुका होतात."

त्यांनी क्यूबखालच्या पत्राकडे एकदा बघितलं आणि त्या बाहेर गेल्या.

*

खूण काढली. 'तरीही उघड' खोडलं. नवीला आता इशारा द्यायचा असला तर ती देऊ दे, आणि अडून बसायचं असलं तर बसू दे. मग मशीन खरोखर बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. मामानं सवयीनं घड्याळ वर केलं.

दोन मिनिटं फार मोठी असतात.

"ते पत्र दे," तो म्हणाला.

"मामा, नको."

"दे की. माझ्याबद्दल आहे ना?"

मी क्यूब उचलून कागद काढून दिला. त्यानं तो हात लांब करून धरला, चष्मा प्रेसजवळ राहिला होता. सावकाश वाचला, रिपोर्ट वाचतो तसा, प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत. 'तरीही'पाशी बोट थांबलं का? मला तसं वाटलं. मी बघत नव्हते.

"इथे चुकलीस," तो म्हणाला.

"मामा, सगळंच चुकलंय."

"तसं नव्हे. खाली तारखा दिल्यास ना, तिथे. दुसऱ्यांदा गेल्या तो गुरुवार लिहिलायस. शुक्रवार होता. गुरुवारी तू आली होतीस, शुक्रवारी फाइल गेल्या." त्यानं खिशातलं पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला, 'गुरुवार'वर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'शुक्रवार' लिहिलं. बाजूला छोटी सही केली, लॅबमध्ये कुठलीही दुरुस्ती करताना करतात तशी.

पडदा उजळला. जुनी उठली.

"दोन मिनिटं चार," मामा म्हणाला.

त्यानं वही उघडली. आजच्या ओळीत आधी अकरा लिहिलेलं होतं. त्याच्या खाली नवी ओळ ओढून वेळ लिहिली. शेवटच्या रकान्यात खूण केली, कारण मी समोर उभी होते. मग माझं पत्र चौघडी घालून त्या पानाला लावलं आणि टेबलावरचा स्टेपलर दाबला. दोनदा.

"फाडून टाक ना ते," मी म्हणाले.

"नोंद आहे. नोंद फाडत नाहीत."

त्यानं वही मिटली, पण खणात ठेवली नाही. तिथेच, कीबोर्डशेजारी राहू दिली. मग तो पलीकडे गेला, टाकीतून पहिला क्यूब काढला, फडक्यानं पुसला, प्रेसखाली बरोबर मधोमध ठेवला आणि मला काचेतून खुणावलं, की आकडे यायला लागतील, बघ.